इकाम्याचा खर्च कोणाच्या खिशातून?

आखातात नोकरीस असलेल्या वाचकांची, आणि त्याहून अधिक त्यांच्या घरच्यांची, जी पत्रे या सदराकडे येतात, त्यांत सध्या एका तक्रारीने इतर सर्व तक्रारींना मागे टाकले आहे. निवासाचा परवाना (इकामा), कामाचा परवाना आणि लेव्ही (परदेशी कामगारामागे सरकारला द्यायचे शुल्क) यांचे पैसे मालक कामगाराकडूनच वसूल करतो, ही ती तक्रार. अशा पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची, कंपन्यांची आणि कफीलांची (ज्यांच्या नावावर कामगाराचा व्हिसा असतो त्या मालकांची) नावे जाणीवपूर्वक वगळली आहेत.

प्रश्न : मी खेड तालुक्यातील असून दम्मामजवळच्या एका देखभाल कंपनीत इलेक्ट्रिशियन आहे. करारात पगार २,२०० रियाल आहे आणि तो बँकेत पूर्ण जमा होतो. मात्र पगार झाला की दोन दिवसांत सुपरवायझर प्रत्येकाकडून ८५० रियाल रोख गोळा करतो. हा इकाम्याचा आणि लेव्हीचा खर्च असून तो कामगारानेच द्यायचा असतो, असे कंपनीचा मंदूब (सरकारी कामे पाहणारा प्रतिनिधी) सांगतो. रुजू होताना अरबीतील एका कागदावर आमच्या सह्या घेतल्या होत्या. त्यात हीच संमती लिहिली आहे, असे आता कळते. सही केल्यामुळे आमचा हक्क गेला का?

उत्तर : ही वसुली बेकायदेशीर आहे, आणि तुमच्या सहीने ती कायदेशीर होत नाही.

सौदी अरेबियाचा कामगार कायदा २००५ सालचा आहे आणि त्याच्या ४०व्या कलमात या खर्चाची वाटणी संदिग्धता न ठेवता केलेली आहे. परदेशी कामगाराच्या भरतीचे शुल्क, इकाम्याचे आणि कामाच्या परवान्याचे शुल्क, या दोन्हींच्या नूतनीकरणाचे शुल्क, नूतनीकरणास उशीर झाल्यास होणारा दंड, पेशा बदलण्याचे शुल्क, सुटीवर जाऊन परत येण्याच्या व्हिसाचे शुल्क आणि नोकरी संपल्यावर मायदेशी परतण्याचे तिकीट, एवढे सर्व मालकाने सोसायचे आहे. कामगार कामास अपात्र ठरला किंवा सबळ कारणावाचून स्वतःहून परत निघाला, तर परतीचा खर्च मात्र त्याच्यावर पडतो. हा अपवाद प्रवासखर्चापुरता आहे. इकाम्याला तो लागू होत नाही.

८५० हा आकडा कोठून आला असेल, हे समजून घेणे तुम्हाला तक्रारीच्या वेळी उपयोगी पडेल. परदेशी कामगारांची संख्या सौदी कामगारांहून अधिक असलेल्या कंपनीसाठी प्रत्येक परदेशी कामगारामागे २०१८ मध्ये दरमहा ४०० रियाल लेव्ही ठरवण्यात आली; ती २०१९ मध्ये ६०० आणि २०२० मध्ये ८०० झाली. सौदी कामगार तितकेच किंवा अधिक असतील, तर हा दर १०० रियालने कमी असतो. वर्षाची लेव्ही ९,६०० रियाल, कामाच्या परवान्याचे १०० आणि इकाम्याचे ६५० धरले, तर बेरीज १०,३५० होते आणि बाराने भागल्यावर महिन्याला ८६२ रियाल येतात. म्हणजे सरकारला द्यायचा जवळजवळ संपूर्ण खर्च तुमच्या कंपनीने तुमच्या पगारावर ढकलला आहे, आणि २,२०० रियालांचा पगार कागदावर ठेवून माणूस प्रत्यक्षात १,३५० रियालांत राबवला आहे. जाता जाता एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. उद्योगाचा परवाना असलेल्या कारखान्यांची लेव्ही ऑक्टोबर २०१९ पासून पाच वर्षांसाठी सरकारने स्वतःवर घेतली आणि पुढे ती मुदत वाढवलीही. त्या काळात अशा कारखान्याने कामगाराकडून लेव्हीच्या नावाने पैसे घेतले असतील, तर त्याने स्वतः न भरलेल्या रकमेची वसुली केली असे म्हणावे लागेल.

लेव्ही लावण्यामागे सौदी सरकारचा हेतू परदेशी माणूस ठेवणे मालकाला महाग पडावे आणि त्याने स्थानिकांना कामावर घ्यावे, असा आहे. मालकाने तो भार कामगारावर टाकला की परदेशी माणूस पूर्वीइतकाच स्वस्त राहतो आणि हेतू बाजूला पडतो. त्यामुळे अशा तक्रारीत तेथील मंत्रालय केवळ दयाबुद्धीने लक्ष घालते असे नाही. त्याचा स्वतःचा स्वार्थही त्यात आहे. परक्या देशात तक्रार करताना बिचकणाऱ्या वाचकांनी हे लक्षात घ्यावे.

आता सहीविषयी. पगारातून कपात करण्यास कामगाराची लेखी संमती लागते, असे ९२वे कलम सांगते आणि कंपन्या त्याचाच आधार घेऊन कागद तयार करतात. परंतु त्याच कायद्याचे ८वे कलम असे आहे की, कायद्याच्या तरतुदींशी विसंगत असलेली कोणतीही अट रद्दबातल समजली जाईल, आणि करार चालू असताना कामगाराने कायद्याने मिळालेला हक्क सोडून दिल्याचा किंवा त्यावर तडजोड केल्याचा दस्तऐवज, तो कामगाराच्या अधिक फायद्याचा नसेल तर, तोही रद्दबातल ठरेल. रुजू होताना घेतलेली तुमची संमती या कलमाच्या कचाट्यात थेट सापडते.

या कलमातील ‘करार चालू असताना’ या शब्दांकडे मात्र बारकाईने पाहावे, कारण तेथेच पुष्कळ माणसे फसतात. नोकरी संपताना, खुरूज (देश कायमचा सोडण्याचा व्हिसा) लागण्यापूर्वी, ‘माझा सर्व हिशेब मिळाला, काही येणे बाकी नाही’ अशा मजकुराचा मुखालसा पुढे केला जातो आणि विमानाच्या घाईत माणूस त्यावर सही करतो. करार संपल्यानंतर दिलेल्या या कबुलीला ८व्या कलमाचे तसे संरक्षण मिळत नाही. आधीच्या दहा कागदांवर सही झाली असली तरी चालेल, परंतु या एका कागदावर मजकूर वाचून घेतल्याशिवाय, आणि कापलेल्या रकमेचा उल्लेख करून घेतल्याशिवाय, सही करू नये.

तुमच्या प्रकरणातील खरी अडचण पुराव्याची आहे. पगार बँकेत पूर्ण जमा करून रोखीने परत घेण्याची पद्धत याचसाठी निघाली, की सरकारच्या वेतन संरक्षण यंत्रणेत कंपनीची नोंद स्वच्छ दिसावी. तेव्हा बँकेचा खातेउतारा काढून ठेवा. दर महिन्याला पगार जमा झाल्यानंतर लगेच ठरावीक रक्कम काढलेली दिसत असेल आणि हेच चित्र आठ-दहा कामगारांच्या उताऱ्यांत असेल, तर ते बोलके ठरते. सुपरवायझरचे किंवा मंदूबचे व्हॉट्सअॅपवरील संदेश पुसू नका, आणि शक्य असल्यास रकमेविषयीचा प्रश्न त्यांना लेखी विचारून त्यांचे उत्तर लेखीच मिळवा. ‘किवा’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदवलेला करार उघडून त्यातील पगाराच्या आकड्याची प्रत काढा. इकाम्याची मुदत ‘अबशर’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते, तीही पाहावी. २०२१ पासून इकामा तीन-तीन महिन्यांसाठीही काढता येऊ लागला असल्याने, बारा महिन्यांचे पैसे घेऊन तीनच महिन्यांचे नूतनीकरण करणाऱ्या महाभागांची तेथे ओळख पटते.

तक्रार मनुष्यबळ आणि सामाजिक विकास मंत्रालयाकडे करायची असते. १९९११ हा त्यांचा दूरध्वनी आहे. प्रथम मंत्रालयाच्या सामोपचार विभागात दोन्ही पक्षांना बोलावून तडजोडीचा प्रयत्न होतो, त्यास २१ दिवसांची मुदत असते, आणि तो फसल्यास प्रकरण कामगार न्यायालयाकडे जाते. दावा करण्याची मुदत नोकरी संपल्यापासून १२ महिने आहे. भारतात परतल्यावर पाहू, असे म्हणून पुष्कळ जण ही मुदत घालवतात आणि मग आम्हाला पत्र लिहितात.

कंपनी सूड उगवील का, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, परंतु तो मनात असणारच. परदेशी कामगाराचा करार मुदतीचा असतो. सबळ कारण नसताना तो मुदतीपूर्वी मोडल्यास आणि करारात वेगळी भरपाई ठरलेली नसल्यास, उरलेल्या मुदतीचे वेतन द्यावे लागते. ही भरपाई दोन महिन्यांच्या वेतनाहून कमी असू शकत नाही. शिवाय १४ मार्च २०२१ पासून लागू झालेल्या सुधारणांनुसार, एक वर्ष काम झाल्यावर नोटीस देऊन मालकाच्या तनाझुलाशिवाय (लेखी संमतीशिवाय) दुसरीकडे बदली घेता येते. सलग तीन महिने पगार थकला, इकामा किंवा परवाना संपला, अथवा देशात आल्यापासून तीन महिन्यांत करारच नोंदवला गेला नाही, तर वर्षभर थांबण्याचीही गरज नाही. बदलीचे शुल्क नव्या मालकाने भरायचे असते. पहिल्या वेळी ते २,००० रियाल, दुसऱ्या वेळी ४,००० आणि त्यानंतर ६,००० असते. एकट्याने तक्रार करण्यापेक्षा खोलीतील चौघांनी मिळून केलेली बरी, एवढेच त्यात सुचवावेसे वाटते.

प्रश्न : माझे पती जेद्दा येथे आझाद व्हिसावर आहेत. कागदोपत्री ते एका सौदी गृहस्थाच्या घरचे वाहनचालक आहेत. प्रत्यक्षात ते रंगकामाचे ठेके घेतात. कफील वर्षाला ६,००० रियाल घेत असे. यंदा तो ९,००० मागतो आहे आणि न दिल्यास हुरूब लावण्याची (कामावरून पळून गेल्याची सरकारी नोंद करण्याची) धमकी देतो. आम्ही म्हसळ्यातील साधी माणसे आहोत. कोणाकडे दाद मागावी?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत आणि त्या सुट्या करून पाहिल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट कफीलाची मागणी. घरगुती कामगारांना मुख्य कामगार कायदा लागू होत नाही. त्यांच्यासाठी स्वतंत्र नियमावली आहे. तिच्याखाली भरती, इकामा, कामाचा परवाना, पेशाबदल आणि बदली यांचे कोणतेही शुल्क कामगाराकडून घेण्यास मनाई असून, नियमभंग करणाऱ्या मालकास २०,००० रियालांपर्यंत दंड आणि तीन वर्षांपर्यंत भरतीबंदी होऊ शकते. घरगुती कामगाराच्या इकाम्याचे वार्षिक शुल्क ६०० रियाल आहे आणि साधारण कुटुंबाला त्याच्यावर लेव्ही द्यावी लागत नाही. म्हणजे तुमच्या पतींकडून घेतलेल्या ६,००० रियालांपैकी ५,४०० कफीलाच्या खिशात राहत होते. यास परवान्याचा खर्च म्हणता येत नाही. माणूस आपल्या नावावर ठेवण्याची ती खंडणी आहे.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. ‘आझाद व्हिसा’ नावाचा कोणताही व्हिसा सौदी कायद्यात अस्तित्वात नाही. मालकाने आपला कामगार दुसऱ्याकडे किंवा स्वतःच्या धंद्यासाठी मोकळा सोडू नये आणि कामगारानेही तसे काम करू नये, हा नियम दोघांवर सारखाच बंधनकारक आहे, आणि तो मोडणाऱ्या कामगाराला दंड, कैद आणि देशाबाहेर पाठवणी अशा शिक्षा होऊ शकतात. त्यामुळे तुमचे पती तक्रार घेऊन गेले, तर कफील दोषी ठरेलच, परंतु रंगकामाचे ठेके त्यांनी कसे घेतले, हेही विचारले जाईल. कफील हे ओळखून आहे आणि मागणी वाढवण्याचे धैर्य त्याला त्यातूनच येते. २०१३ मध्ये सौदी सरकारने ३ नोव्हेंबरपर्यंतची सवलत देऊन कागद आणि प्रत्यक्ष काम यांचा मेळ घालण्यास सांगितले, तेव्हा असंख्य भारतीयांनी धावपळ करून आपली स्थिती नियमित करून घेतली आणि मोठ्या संख्येने लोक परतही आले. त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी आपल्या भागात आझाद व्हिसा हा सन्मानाचा आणि चढ्या भावाचा व्हिसा समजला जातो, याचे आश्चर्य वाटते.

आमचा सल्ला असा की, वाढीव रक्कम देऊन आणखी एक वर्ष विकत घेण्याऐवजी तुमच्या पतींनी हा काळ खरा मालक शोधण्यात घालवावा. रंगकाम करणाऱ्या एखाद्या नोंदणीकृत कंपनीकडे रीतसर बदली मिळते का, हे पाहावे. हंगामी स्वरूपात दुसऱ्याकडे काम करण्याची कायदेशीर सोय ‘अजीर’ या सरकारी व्यवस्थेत कंपन्यांच्या कामगारांना आहे, घरगुती व्हिसावरील माणसाला मात्र तिचा आधार घेता येईल असे धरून चालू नये. कफीलाचे धमकीचे संदेश जपून ठेवावेत, कारण खोटा हुरूब लावणे हाही मालकाचा अपराध आहे आणि पुढे तो खोडून काढण्यासाठी हेच संदेश लागतील. मंत्रालयाकडे जाण्यापूर्वी जेद्दा येथील भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन पूर्ण हकीकत सांगावी. तेथील प्रवासी भारतीय साहाय्य केंद्रात सल्ला मिळू शकतो. तुम्ही इकडून ‘मदद’ या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवू शकता, परंतु ती पतींशी बोलूनच नोंदवा. तुमच्या प्रश्नाला यापेक्षा दिलासादायक उत्तर असते, तर ते आनंदाने दिले असते.

प्रश्न : मी पुण्याचा असून रियाधमध्ये एका कंपनीत लेखापाल आहे. पत्नी आणि दोन मुले माझ्यासोबत आहेत. त्यांच्या इकाम्याचे शुल्क कंपनी माझ्या पगारातून कापते. हेही बेकायदेशीर आहे का?

उत्तर : नाही. ४०वे कलम कामगाराच्या स्वतःच्या परवान्यांपुरते आहे. कुटुंबीयांवरील शुल्क जुलै २०१७ मध्ये माणशी दरमहा १०० रियालांनी सुरू झाले आणि २०२० पर्यंत ४०० रियालांवर गेले. करारात कंपनीने ते स्वीकारले नसेल, तर ते तुमचेच आहे. तिघांचे वर्षाला १४,४०० रियाल होतात. कपात याहून अधिक असेल, तर तुमचा स्वतःचा इकामा त्यात मिसळला आहे का, ते हिशेब मागून तपासावे. आपण लेखापाल आहात, तेव्हा अधिक सांगणे न लगे.

प्रश्न : माझा मुलगा दुबईतील एका उपाहारगृहात पाच महिने काम करत आहे. दुसरीकडे चांगली नोकरी मिळाल्याने त्याने राजीनामा दिला, तेव्हा मालकाने व्हिसाच्या खर्चाचे ७,००० दिरहम भरल्याशिवाय परवाना रद्द करणार नाही, असे सांगितले. परिवीक्षा काळात नोकरी सोडल्यास हा खर्च द्यावा लागतो, असे तो म्हणतो. (एक वडील, सावंतवाडी)

उत्तर : मालकाच्या म्हणण्यात अर्धे सत्य आहे आणि तेच धोक्याचे आहे. संयुक्त अरब अमिरातींचा २०२१ चा ३३ क्रमांकाचा कामगार कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे. भरतीचा आणि नेमणुकीचा खर्च कामगाराकडून प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष रीतीने वसूल करण्यास त्याच्या ६व्या कलमाने मनाई केली आहे. परिवीक्षा काळ जास्तीत जास्त सहा महिन्यांचा असतो. त्या काळात कामगार त्याच देशातील दुसऱ्या मालकाकडे जाणार असेल, तर त्याने एक महिन्याची लेखी नोटीस द्यायची असते आणि पहिल्या मालकाचा भरतीचा खर्च नव्या मालकाने भरून द्यायचा असतो. भरपाईची तरतूद आहे ती ही. पैसे देणारा तुमचा मुलगा नसून त्याचा नवा मालक आहे.

मुलाने नोटीस दिली आहे की नुसता तोंडी राजीनामा, हे पत्रातून कळत नाही. नोटीस दिली नसेल, तर तेवढ्या दिवसांच्या वेतनाची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते. तेव्हा ती आधी लेखी द्यावी. देश सोडून परत येण्याचा विचार असेल, तर नोटीस १४ दिवसांची आहे, आणि ती न पाळता निघून गेल्यास एक वर्ष नवा परवाना मिळत नाही. मालक परवाना अडवून धरत असेल, तर तेथील मनुष्यबळ मंत्रालयाच्या ८००८४ या क्रमांकावर तक्रार करावी. १ जानेवारी २०२४ पासून ५०,००० दिरहमपर्यंतच्या दाव्यांचा निर्णय मंत्रालय स्वतःच देऊ शकते, त्यामुळे एवढ्या रकमेसाठी थेट न्यायालयाची पायरी चढावी लागण्याचे कारण नाही.

प्रश्न : मुंबईतील एका एजंटने रियाधच्या नोकरीसाठी माझ्या धाकट्या भावाकडून १ लाख २० हजार रुपये मागितले आहेत. यात इकाम्याचा खर्च आणि व्हिसाची किंमत धरलेली आहे, असे तो सांगतो. पावती मात्र ३० हजारांचीच देणार म्हणतो. (एक वाचक, महाड)

उत्तर : पावती ३० हजारांचीच का, याचे उत्तर कायद्यात आहे. १९८३ च्या स्थलांतर कायद्याखालील नियमांनुसार नोंदणीकृत भरती एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये घेता येतात. व्हिसाला किंमत नसते, आणि इकाम्याचा खर्च सौदी मालकाचा आहे, हे वर आलेच आहे. उरलेले पैसे एजंट स्वतःसाठी किंवा तेथील मध्यस्थासाठी घेतो आहे, आणि ज्या मालकाने व्हिसा विकला तो पुढे इकाम्याचेही पैसे मागणार, हे जवळजवळ गृहीत धरावे. कर्ज काढून गेलेला माणूस तेथे तक्रार करत नाही, यावरच ही सारी साखळी चालते.

भावाने प्रथम ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर एजंटचा नोंदणी क्रमांक आणि तो चालू आहे की रद्द झाला आहे, हे पाहावे. नोंदणी असल्यास त्याच संकेतस्थळावर नोकरीचा करार आणि पगार नोंदवलेला असतो. तो मागून घ्यावा. त्यात इकामा, निवास आणि परतीचे तिकीट यांचा भार कोणावर आहे, हे वाचून मगच पासपोर्ट द्यावा. पैसे रोख देऊ नयेत; बँकेतून दिल्यास आकडा लपत नाही. भाऊ दहावी उत्तीर्ण नसेल, तर त्याच्या पासपोर्टवर स्थलांतर परवानगीची अट असेल आणि सौदीसाठी ती घ्यावीच लागेल. त्या वेळी प्रवासी भारतीय विमा योजनेचा दहा लाखांचा विमाही उतरवला जातो, ज्याचा हप्ता दोन वर्षांसाठी २७५ रुपये आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये, अधिक कर, इतका थोडा आहे. यासाठीही एजंट हजारांत पैसे मागतात, म्हणून आकडा मुद्दाम दिला.

जादा पैशांची तक्रार मुंबईतील प्रवासी संरक्षकांच्या (परदेशी नोकरीस जाणाऱ्यांचे हित पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांच्या) कार्यालयात लेखी करता येते, आणि रक्कम आधीच दिली असल्यास पोलिसांकडे फसवणुकीचा गुन्हाही नोंदवता येतो. स्थलांतर कायद्यात अशा अपराधाला दोन वर्षांपर्यंत कैद आणि २,००० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. दंडाचा हा आकडा १९८३ चा आहे आणि एजंट लोकांना तो तोंडपाठ असतो. त्यामुळे तक्रारीत दंडापेक्षा नोंदणी रद्द करण्याची आणि पैसे परत मिळण्याची मागणी स्पष्ट शब्दांत करावी.